वाकलं की उघडणारे डोळे

साल १९९४. साखर कारखान्याचा हंगाम संपून ऊसतोडीच्या गाड्या आपापल्या मुलखाला परतल्या होत्या, तरी खोरवाडीला जाणारी एस. टी. दर गुरुवारी दारापर्यंत भरत होती. इस्लामपूरहून तासाभराच्या वाटेवरच्या या वाडीत पूर्वी दोन-तीन माणसं उतरली तर उतरली. आता कंडक्टर घंटीची दोरी ओढून "डोळेबाबा, डोळेबाबा" म्हणून हाळी द्यायचा आणि गाडी रिकामी व्हायची.

रांग पाण्याच्या टाकीपासून सुरू होई आणि सोसायटीच्या जुन्या खतगोदामाच्या दारात संपे. गोदामावरची 'युरिया येथे मिळेल' ही अक्षरं चुन्यानं पुसली होती, तरी दिसत होती. त्यावर भगव्या रंगात 'श्री नेत्रनाथ महाराज जागृत स्थान' असं लिहिलं होतं. आत उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे जळत, पण खताचा वास काही जात नव्हता.

"तुमचं कोण?" रांगेतल्या एका बाईनं पुढचीला विचारलं.

"सासू. फोटो आणलाय बगा."

"सासूचं डोळं कशाला उगडाया लागलीयास गं? मिटल्यात ते बरं हाय की."

"तसं न्हाई वो. पाटल्या कुटं ठिवल्यात ते न सांगताच गेली."

रांग हसली. मागून एक पटकेवाला म्हणाला, "आमच्या तलाठ्याला म्हणं दर्शन झालंच न्हाई."

"त्येची मान कवा वाकलीया, गड्या? पगाराच्या दिवशीबी ताठ."

दारात दादासो नावाचा महाराजांचा माणूस शिट्टी वाजवत उभा होता. "मावशी, पुढं व्हा. दोरीच्या अलीकडं उबं ऱ्हायचं. हात जोडायचं. कमरंतनं वाकायचं, मग नजर वर करायची. नुसती मान हालवून दर्शन न्हाई मिळायचं. चला, चला."

गोदावरी या रांगेत निमूट उभी होती. तिचं वय तेव्हा चोपन्न. इस्लामपूरच्या बाजारपेठेत तिच्या नवऱ्याचा, गंगाधरचा, फोटो स्टुडिओ होता. गंगाधर फोटो काढी आणि धुई. गोदावरी खिडकीशी बसून बारीक ब्रशानं ते नीटनेटके करी. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण ती बुजवी, म्हाताऱ्याच्या कोटाला सुटलेलं बटण लावी. आणखी एक काम ती करी, जे स्टुडिओच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ती मेलेल्यांचे डोळे उघडी.

त्या काळी वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी माणसांचा उभ्या जन्मात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेला की घरची मंडळी फोटोवाल्याला बोलावत. गेलेल्याला उशीला टेकवून बसवत, कपाळी गंध लावत, आणि गंगाधर फोटो काढी. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कसा लावायचा? म्हणून गोदावरी त्या छापावर डोळे रंगवी, गंगाधर त्या रंगवलेल्या छापाचा पुन्हा फोटो घेई, आणि घरी जाई तो उघड्या डोळ्यांचा. वर्ष-दोन वर्षांत घरचेही विसरून जात की हे डोळे कुणी काढलेले आहेत.

खोरवाडीच्या शंभूराजचा फोटो तिनं असाच केला होता. नऊ वर्षांचा पोर. आदल्या दिवाळीच्या आधी ताप मेंदूत गेला आणि दोन दिवसांत संपला. बाप नाथाजी फौजेत, काश्मीरच्या बर्फात. तार पोचायलाच चार दिवस लागले; तोवर गंगाधरनं काढलेला मिटल्या डोळ्यांचा फोटो तेवढा उरला होता. त्याचं पत्र घेऊन शंभूराजची आई मनूबाई स्टुडिओत आली होती. पत्रात लिहिलं होतं, 'पोराचा फोटू पाठवा. डोळं मिटलेला नको. माज्यानं बगवणार न्हाई.'

"डोळे कसे होते त्याचे?" गोदावरीनं तेव्हा विचारलं होतं.

"कसं म्हंजी?"

"घारे? काळे? मोठे?"

मनूबाईला ते सांगता येईना. नऊ वर्षं ज्याच्याकडे पाहिलं त्याचे डोळे कसे होते हे तिला शब्दांत धरता येईना. शेवटी म्हणाली, "मी चुलीम्होरनं हाक मारली की असा वर बगायचा, बाई. हातातलं टाकून."

गोदावरीनं तसे डोळे काढले.

आणि आता लोक सांगत होते की खोरवाडीत शंभूराज फोटोतून डोळे उघडतो.

गोदामात दोन समया तेवत होत्या. मधे चौरंगावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, तो फोटो होता. गोदावरीच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की फ्रेमला काच नाही. एवढ्या धुरात बिनकाचेचा फोटो कुणी ठेवत नाही. फोटोपासून तीन हातांवर दोरी बांधली होती. उजव्या हाताला गादीवर महाराज बसले होते. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, डोळ्यांत काजळ घातलेले.

"जो ऱ्हाईल ताठ, त्याची चुकंल वाट. जो वाकंल माज्या दारी, त्याला लेकरू डोळं उघाडी," महाराज एका सुरात म्हणत होते. मधेच आवाज खाली आणून ते दादासोला म्हणाले, "चहाचं काय झालं रं?" आणि पुन्हा सूर लावला. "डागदर म्हणतो मेला. मी म्हणतो निजला. निजलेल्याला उटवायला कोन लागतं? हाक मारनारा लागतो."

डाव्या हाताला घोंगडीवर मनूबाई बसली होती. महाराजांनी तिला तिथं बसवली होती. लोक फोटोला नमस्कार करत आणि मग तिच्याही पाया पडत. तिच्या मांडीला टेकून तिची धाकटी, शिवांजली, बसली होती. सहा वर्षांची, ओठ निळसर.

गोदावरीची पाळी आली. ती उभी राहिली. फोटोतला मुलगा डोळे मिटून निजला होता. ती कमरेतून वाकली, नजर वर केली. मुलगा तिच्याकडे पाहत होता.

क्षणभर तिचेही जोडलेले हात घट्ट झाले. मग तिला त्याच्या उजव्या बुबुळातला पांढरा ठिपका दिसला. डोळ्यात जीव वाटावा म्हणून ती प्रत्येक बुबुळात असा ठिपका देई. शंभूराजच्या वेळी तिचा हात हलला होता आणि उजवा ठिपका केसभर खाली आला होता. तो तिथंच होता, केसभर खाली.

"झालं का दर्शन, वैनी?" मनूबाईनं तिला ओळखलं. तिचा चेहरा नुसता उजळून निघाला होता. "बगितलंसा का? तुमी काढल्यालं डोळं न्हवं हे. ह्यो सोता बगतोय."

तेवढ्यात शिवांजली म्हणाली, "मला तर दादाचं डोळं उगडंच दिसत्यात. कवाबी बगितलं तरी."

"बगा," मनूबाई म्हणाली. "बहीन हाय की. तिच्यासाठनं मिटतच न्हाई."

मनूबाईला त्यात माया दिसली. गोदावरीला उंची दिसली. सहा वर्षांच्या पोरीला वाकायची गरजच नव्हती. तिची नजर मुळातच तेवढ्या खाली होती.

---

ती घरी पोचली तेव्हा गंगाधर जेवायला बसला होता. तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "खोरवाडीचा फोटो तुम्ही केलात."

मिटलेल्या डोळ्यांची निगेटिव्ह आणि उघड्या डोळ्यांची निगेटिव्ह, या दोन्ही फक्त एकाच लाकडी पेटीत होत्या, आणि त्या पेटीची किल्ली गंगाधरच्या जानव्याला असे.

गंगाधरनं घास खाली ठेवला. "कसा दिसतो?" त्यानं विचारलं.

तिला त्याचा राग यायचा होता. पण त्याच्या तोंडावर जे होतं ते पाहून आधी वाईटच वाटलं. तीस वर्षं त्यानं लग्नं, मुंजी आणि पासपोर्टचे फोटो काढले होते. त्याला कुणी विचारलं नव्हतं, की गंगाधरपंत, तुम्हाला काय करावंसं वाटतं.

"ते प्लास्टिकचं शीट महाराजांच्या माणसांनी मुंबईहून आणलं," तो सांगू लागला. "मी नाहीच म्हणणार होतो, गोदा. पण हातात घेतलं आणि राहवेना. वरून अंगठा फिरव, बारीक रेघा लागतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक लांबट भिंग. इंचात साठ. फोटोच्या कागदावर ते शीट ठेवायचं, एन्लार्जरनं एका बाजूनं मिटलेले डोळे टाकायचे, मग कागद कलता करून उघडे. प्रत्येक भिंगाखाली दोन पट्ट्या उमटतात. वरून बघणाऱ्याला खालची पट्टी दिसते, खालून बघणाऱ्याला वरची. सहा कागद वाया गेले, सातवा जमला."

"आणि तुम्ही तो त्या भोंदूला दिलात."

"ऐक तरी. फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञानं याच्या पुढचं सांगून ठेवलंय, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी. रेघांच्या जागी माशीच्या डोळ्यासारखी गोल गोल, टिचभर जागेत हजारो भिंगं मांडायची. आपली फिल्म काय, उजेड किती पडला तेवढंच सांगते. ही भिंगं तो कुठल्या बाजूनं आला तेही लक्षात ठेवतात. मग माणूस नुसता सपाट नाही येत, नाक पुढं, कान मागं, असा खोलीसकट येतो. असा लहानसा कॅमेरा एक दिवस निघणार. मी असेन-नसेन."

"अहो," गोदावरी म्हणाली, "ते गोदामात लागलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"आणखी किती करताय?"

"तीन." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, तिला घरी ठेवायला देतील. आईला मुलगा बघतोय असं वाटलं, तर त्यात कुणाचं काय वाईट झालं?"

गोदावरीला त्या वेळी याचं उत्तर माहीत नव्हतं. ते तिला शनिवारी मिळालं.

---

शनिवारी ती मनूबाईच्या वस्तीवर गेली. एकटीला सांगावं, चारचौघांत नको, असं तिच्या मनात होतं. शिवांजली ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. गुडघे सुजून चकाकत होते. श्वास घेताना तिच्या गळ्याशी खळगा पडत होता.

"काय झालंय हिला?"

"सांध्यांचा ताप. दोन सालं झाली. हृदयाला हाय म्हणत्यात." मनूबाईनं कोनाड्यातून एक पिवळं कार्ड काढून दिलं. सांगलीच्या दवाखान्याचं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. तारखांचे शिक्के ओळीनं होते. शेवटचा ६ जानेवारीचा. त्यापुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पुढची तारीख २७ जानेवारी. चुकवू नये.' खाली सगळं कोरं.

"मनूबाई, हे का थांबलं?"

मनूबाई पोरीपासून लांब, अंगणात गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "म्हाराज म्हणालं, दोगंबी एकाच कुशीतली. हिला सुई टोचली की तिकडं त्येला लागतीया. मी म्हणलं, असं कसं? तर म्हणालं, पुढच्या बेस्तरवारी बग. आनि खरंच, वैनी, सुई दिली त्येच्या म्होरच्या बेस्तरवारी मी वाकले, परत वाकले, धा डाव वाकले. त्येनं डोळं उगडलंच न्हाईत माज्याकडं. माजं काळीज फाटलं. तवापास्नं सुई न्हाई."

कसं केलं असेल ते गोदावरीला दिसलं. फ्रेमच्या मागे बोटभर जाडीची पाचर सारली असेल. तेवढ्यानं चित्र पुढं कलतं, आणि वाकलेल्यालाही मिटलेलेच डोळे दिसतात. तेवढीच एक पाचर.

आणि हे कशासाठी, तेही तिला कार्डाकडे पाहता पाहता उमगलं. सहा जानेवारी गुरुवार. त्याआधीची तारीख गुरुवार. एकवीस दिवसांनी येणारा प्रत्येक दिवस गुरुवारच. ही बाई पोरीला घेऊन सांगलीला गेली, की गोदामात फोटोशेजारची आई नसे. पाया पडायला कुणी नसे. रांगेला रंग चढत नसे.

तिनं मनूबाईचा हात धरला आणि सगळं सांगितलं. पेटीतल्या दोन निगेटिव्ह, रेघांचं प्लास्टिक, केसभर खाली गेलेला ठिपका. मनूबाईनं ऐकून घेतलं. मग हात सोडवून घेतला.

"तुमचं प्वार गेलंय का कवा?" तिनं विचारलं.

"मला मूलच झालं नाही."

"मग तुमाला न्हाई कळायचं," मनूबाई म्हणाली, अगदी शांतपणे, आणि आत जाऊन पोरीला पांघरूण घालू लागली.

त्या रात्री गोदावरीनं जेवण वाढलं. मग गंगाधरला एवढंच म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना, कुणाचं काय वाईट झालं म्हणून. सहा वर्षांच्या मुलीची पाच इंजेक्शनं चुकली आहेत. या गुरुवारी मी लोकांसमोर सांगणार आहे. तुम्ही आलात तर बरं होईल."

"मी बोललो तर स्टुडिओ राहील का?"

"नाही राहणार," ती म्हणाली.

---

गुरुवारी ती एकटीच एस. टी.त बसली.

रांगेतून ती आत गेली. दादासोनं शिट्टी वाजवली. "वाका, बाई. कमरंतनं."

"माझी कंबर धरली आहे. त्यापेक्षा फोटोच जरा वाकवूया की," असं म्हणून तिनं दोरी उचलली आणि कुणी अडवायच्या आत फ्रेमला हात घातला. तिनं ती मागे कलती केली. ताठ उभ्या असलेल्या साऱ्या रांगेकडे शंभूराज टक्क पाहू लागला. पुढे कलती केली, त्यानं डोळे मिटले. मागे, उघडले. पुढे, मिटले.

रांगेत कुजबुज सुरू झाली. "आँ, मी तर वाकलोबी न्हाई," पटकेवाला म्हणाला.

महाराज मुरलेले होते. हात उंचावून म्हणाले, "बगा, लेकरू कसं खेळतंय. ह्या बाईच्या हातालाबी त्येनं ओळख दिली. किती दयाळू हाय बगा."

लोकांनी हात जोडले. गोदावरीच्या लक्षात आलं, की एवढ्यानं भागणार नाही. तिनं अंगठा समईत बुडवला आणि तेल शंभूराजच्या डोळ्यांवरून फासलं, खोबणी भरतील असं दाबून. भिंगाच्या रेघा तेलात बुडाल्या, की त्यांना उजेड वळवता येत नाही. खालच्या दोन्ही पट्ट्या एकदमच दिसतात. तिनं फ्रेम कलती केली, सरळ केली, पुन्हा कलती केली. काही हललं नाही. मुलाचे डोळे ना मिटलेले होते ना उघडे. पापणीतून बुबुळ दिसत होतं.

"पोराचं डोळं फोडलं हिनं," कुणीतरी किंचाळलं. दादासोनं तिचं मनगट पिरगाळलं. रांग मोडली, माणसं दोरीवर लोटली. मनूबाई उभी राहिली होती.

"ते मी केलंय," दारातून कुणीतरी म्हणालं.

गंगाधर आत आला. त्याची स्कूटर बाहेर अजून धडधडत होती. आयुष्यभर इतरांना 'इकडे बघा' म्हणणारा माणूस, त्याला स्वतःकडे एवढे लोक बघत असताना बोलणं जमेना. त्यानं पिशवीतून हातभर लांबीचं कोरं प्लास्टिक काढून पटकेवाल्याच्या हातात दिलं. "नख ओढा यावर."

पटकेवाल्यानं नख ओढलं. खर्रर्र असा आवाज झाला.

"आता त्या फोटोवर ओढा."

तसाच आवाज आला.

मग गंगाधरनं दोन निगेटिव्ह समईच्या उजेडात धरल्या, एक मिटलेली, एक उघडी, आणि जसं घरी बायकोला सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. कुणीही करू शकेल, म्हणाला. जत्रेत मुलांना फूटपट्ट्या मिळतात ना, इकडून बघितलं की मोर, तिकडून बघितलं की पोपट, त्यातलंच हे. फूटपट्टी हातात घेऊन आपण ती हलवतो. इथं पट्टी जागच्या जागी ठेवून माणसांना हलवलं.

सासूचा फोटो आणलेली बाई पुन्हा आली होती. तिनं विचारलं, "म्हंजी माज्या सासूचंबी तुमीच करनार हुता?"

"हो. अर्धं झालंय."

"आनि पाटल्या?"

यावर कुणी हसलं नाही. महाराज मागच्या दारानं जीपमध्ये चढत होते. दादासो शिट्टी गळ्यात तशीच ठेवून त्यांच्यामागून पळाला.

मनूबाई फोटोपाशी आली. तिनं गंगाधरकडे पाहिलंही नाही. गोदावरीला विचारलं, "मग हे डोळं कुणाचं हायती?"

"मी काढले."

"सगळं? बुबुळबी?"

"हो."

"म्हंजी त्येनं मला बगितलंच न्हाई."

"नाही, मनूबाई."

"ह्या चार म्हयन्यांत एकदाबी?"

गोदावरीनं नुसती मान हलवली.

मनूबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि फोटोवरचं तेल पुसायला घेतलं, लहान मुलाचं तोंड पुसतात तसं, कडेनं, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून. बराच वेळ पुसत होती. मग एक पाऊल मागे सरली, उभी राहिली आणि कमरेतून वाकली. तेल निघालं होतं. मुलानं डोळे उघडले. ती उठली, त्यानं मिटले. ती पुन्हा वाकली. तिला सगळं कळलं होतं, आणि ती वाकत होती. गोदामातल्या एकाही माणसाच्यानं तिला थांब म्हणवेना.

"आई," शिवांजली घोंगडीवरून म्हणाली, "मला दम लागलाय."

मनूबाई अर्धी वाकलेली होती. तिथंच थांबली. फोटोतले डोळे उघडे होते. तिनं त्यांच्याकडे पाठ केली आणि पोरीला उचलून घेतलं.

गंगाधरच्या स्कूटरवरून ती इस्लामपुरापर्यंत आणि तिथून एस. टी.नं सांगलीला गेली. दुपारची वेळ संपत आली होती, पण डॉक्टर होते. त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली आणि काढेचनात. मग कार्ड पाहिलं.

"पाच तारखा गेल्या," ते म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मनूबाईला सोसलं असतं. "ताप उलटलाय. आधी एक झडप थोडी खराब होती. आता दोन झाल्यात."

---

नेत्रनाथ महाराजांवर फिर्याद झाली, पण साक्षीला कुणी गेलं नाही. फसलो हे कोर्टात उभं राहून सांगायला माणसाला लाज वाटते. दोन वर्षांनी जतच्या बाजूला ते दुसऱ्या नावानं दिसले, तेव्हा ते नारळातून कुंकू काढत होते. दादासो पुढे एका मंगल कार्यालयात पंगतीची व्यवस्था बघू लागला. माणसं रांगेत बसवायचं काम त्याला येतच होतं.

स्टुडिओ वर्षभरात बंद पडला. नवरीचा फोटो काढायला लोक त्या दारात पाऊल ठेवीनात. गंगाधरनं ज्यांचे ज्यांचे फोटो त्याच्याकडे आले होते त्यांच्या घरी जाऊन ते परत केले आणि प्रत्येक उंबऱ्यावर काय केलं होतं ते सांगितलं. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावलं. तो २००३ साली गेला. हजारो भिंगांचा कॅमेरा त्यानं पाहिला नाही. तसे कॅमेरे आता निघाले आहेत म्हणतात.

गोदावरीनं पुन्हा मेलेल्याचे डोळे रंगवले नाहीत. पण आपण त्या दिवशी बरोबर केलं का, असा प्रश्न तिला पडत नव्हता असं नाही. पडत होता. केलं नसतं तर काय झालं असतं, हे आठवलं की उत्तर मिळे, आणि तरी झोप येत नसे.

नाथाजी रजेवर आला, पण तो फोटो पाहायला तयार झाला नाही. पोरीला त्यानं पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात नेलं. सत्त्याण्णव साली एका झडपेचं ऑपरेशन झालं. शिवांजली चौथी पास झाली, पाचवी पास झाली. तिला धावता येत नसे, म्हणून खो-खोच्या वेळी ती मैदानाच्या कडेला बसून गुण मांडत असे. २००१ च्या फेब्रुवारीत, सातवीत असताना, ती गेली. वय तेरा.

फोटो मनूबाईकडेच राहिला. तो तिच्याकडे मागायचा धीर कुणाला झाला नाही आणि ती त्याचं काय करते हे कुणी विचारलं नाही. गोदावरीशी ती त्यानंतर सात वर्षं बोलली नाही. शिवांजली गेल्यावर तेराव्या दिवशी मात्र स्वतःहून इस्लामपूरला आली, गोदावरीच्या ओसरीवर बसली आणि म्हणाली, "वैनी, ते पिवळं कारड वाचाया शिकवा मला. तारीख वाचाया." तिला अंक येत नव्हते. कधीच येत नव्हते. दवाखान्यातली बाई तोंडी सांगे आणि ती गुरुवार मोजे, हे गोदावरीला तेव्हा कळलं.

ती अंक शिकली. मग खोरवाडीपासून कृष्णाकाठापर्यंत ज्या ज्या घरात सांध्यांच्या तापाचं मूल आहे त्या घरी ती आदल्या दिवशी जाऊन सांगू लागली, की उद्या तारीख आहे. कुणी म्हणालं, महाराजांनी भस्म दिलंय, तर ती वाद घालत नसे. एवढंच विचारी, "लावा भस्म. पर सुईला किती वाजता निघायचं? मी येते संगं."

तेव्हा चमत्कार दिसला तर जरूर बघावा, आणि मग जागा बदलून बघावा. उभं राहून बघावा, बसून बघावा, हात लावून बघावा. हात लावू देत नसतील, तर का देत नाहीत हे विचारावं. विचारल्यानं देव कोपत नाही आणि गेलेलं माणूस दुखावत नाही. आणि घरात ज्या मुलाचं औषध चालू आहे त्याचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नये. कार्डावरची तारीख वाचावी, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावी, आणि त्या दिवशी मुलाला घेऊन जावं.